पातळ टीव्ही, पातळ आवाज

आमच्या माकुणसारच्या घरातला जुना डबा टीव्ही अखेर निवृत्त झाला, म्हणून नवीन बघायला पालघरला गेलो.

दुकानदार ४३ इंच, ५५ इंच करत होता. मंडळी, हे इंच कर्णाचे असतात, रुंदीचे नव्हेत. १६:९ प्रमाणाचा ४३ इंची पडदा भरतो साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. शाळेतला पायथागोरस असा उपयोगी पडतो! त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालेला. मुलगा फोनवर म्हणे, "बाबा, ५५च घ्या."

पण आमची अडचण चित्राची नव्हतीच. हिला हल्ली कमी ऐकू येतं. मालिका बघताना आम्ही हसलो की ही आमची तोंडं बघून हसते. ते बघवत नाही. चपट्या टीव्हीत मोठ्या स्पीकरला जागाच नसते. ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. म्हणजे आवाज भिंतीला, माणसाला नाही.

म्हणून ४३च घेतला आणि वाचलेल्या पैशांत समोर तोंड असलेला साउंडबार. कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहेच, तेही ठरलंय.

संध्याकाळी बातम्या लावल्या. ही म्हणाली, "अहो, आवाज जरा कमी करा की."

इतक्या आनंदाने मी हिचं कधी ऐकलं नसेल.