शहाण्या बाळांची भीती

माझ्या दवाखान्यात तान्हं बाळ कधी एकट्या आईबरोबर येत नाही. आईची आई असते, दुपट्यांची पिशवी धरलेली मावशी असते, दाराशी मोबाईल उंच धरून उभा असलेला बाप असतो आणि त्या मोबाईलमध्ये, व्हिडिओ कॉलवर, सासरची आजी असते. बोलायला सुरुवात बहुधा माहेरची आजी करते. "मॅडम, बाळाचं पोटच भरंना झालंय. सारखं रडतंय. हिला दूधच नाही." हे शेवटचं वाक्य म्हणताना ती लेकीकडे बघत नाही. लेक मात्र माझ्याकडे बघत असते, निकाल लागायचा असल्यासारखी.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अठ्ठावीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून बसते. पहिल्या दीड महिन्यातल्या तक्रारी फिरून फिरून ‘पुरत नाही’ या दोन शब्दांवर येतात. मी लगेच काही बोलत नाही. बाळाचे कपडे काढायला सांगते आणि त्याला काट्यावर ठेवते. जन्माचं वजन 3100 ग्रॅम, आज पाचव्या दिवशी 2930. "बघा, कमीच झालंय!" मोबाईलमधून आवाज येतो. व्हायचंच. अंगातलं जादा पाणी आणि काळी शी निघून गेली की पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं. जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत मी निश्चिंत असते, दहाच्या जवळ गेलं की खुर्ची पुढे ओढते. दहा ते चौदा दिवसांत गेलेलं वजन भरून यावं आणि पुढे तीन महिने रोज साधारण वीस ते तीस ग्रॅमनं वाढावं. दुसरा प्रश्न: शू किती वेळा? पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त दुपटी ओली होत असतील, शी काळ्याची हिरवट आणि हिरवटाची मोहरीसारखी पिवळी झाली असेल, तर दूध पोहोचतं आहे. रडणं हा दूध मोजायचा काटा नव्हे.

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला एका वेळी लागतं चमचाभर, पाच ते सात मिलिलिटर. आईकडून येतोही तेवढाच चीक. गंमत बघा, गाईच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा घालून आवडीनं खातो, शेजारी वाटतो; आणि बाईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायची रीत होती. आता टाकत नाहीत, पण उशीर करतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली, बाळ मात्र तिथल्या तिथे आईपर्यंत पोहोचायला वेळ लागला. यात आम्ही डॉक्टरही आलो. सिझेरियननंतर ‘आईला जरा पडू दे’ म्हणत बाळ दुसऱ्या खोलीत ठेवणारे आम्हीच.

खरा पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो. मधले दोन दिवस घरच्यांना धीर धरवत नाही. पावडरचा डबा येतो. बाळाचं पोट टम्म भरतं, ते चार तास झोपतं, तेवढा वेळ छाती रिकामी होत नाही, दूध कमी बनतं आणि मग ‘दूध नाही’ हे खरंच ठरतं. आमच्याकडच्या बायकांना मी विहिरीचं उदाहरण देते. अंगावरचं दूध हंड्यातल्या पाण्यासारखं नसतं की काढलं आणि संपलं. विहीर उपसाल तसे झरे मोकळे होतात. उपसा थांबला की गाळ धरतो. रात्री तर हे झरे जास्तच जोरात असतात, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी हे सगळं बाळंतिणीनं जरूर खावं, तिच्या झिजलेल्या अंगाला ते हवंच. पण दूध आणणारं खरं औषध म्हणजे बाळाचं तोंड, आणि तेही नीट पकडलेलं: नुसतं बोंड नव्हे, भोवतीच्या काळ्या भागाचा मोठा घास तोंडात, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पाजताना दुखत असेल तर पकड चुकली आहे. ‘पहिल्यांदा दुखतंच’ म्हणून सोसत बसू नये.

पावडरच्या डब्यावर गोंडस बाळाचा फोटो का नसतो, हे कधी लक्षात आलंय? 1992 च्या कायद्यानं त्याला मनाई केली. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत. तरी तो डबा घरोघरी पोहोचतो, कारण त्याची खरी जाहिरात शेजारीण करते. मी त्याला विष म्हणत नाही. कधी कधी मीच लिहून देते. पण तो पाणी घालून पातळ करायचा नसतो, आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या ट्रंकेतलं बोंडलं बरं. बाटलीच्या निपलच्या कोपऱ्यात जे साचतं ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे.

उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न येतो: पाणी पाजू का? नको. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी लागत नाही. पाणी आईला पाजा.

आता गुटी. सहाणेवर उगाळलेला हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, बदाम, खारीक. हा वाद मी तरुणपणी खूप घातला आणि बहुतेक वेळा हरले. आजीचा सहाणेवरचा हात थांबवणं म्हणजे तिला घरातून उठवण्यासारखं असतं, हे मला उशिरा कळलं. म्हणून आता कारण सांगते. ती सहाण, ते पाणी, ते बोट, यांतून जुलाब शिरतात. जायफळानं बाळ ‘छान झोपतं’ ते गुंगीनं. आणि गुटीत कालवलेला मध वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे क्वचित का होईना, पण बाळाचे स्नायू लुळे पडतात. सहा महिन्यांपर्यंत औषध वगळता तोंडात फक्त दूध. ड जीवनसत्त्वाचे रोज 400 युनिट थेंब मात्र मी देते, तेव्हा आजी म्हणते, "तुमची गुटी चालती व्हय!" यावर अजून मला उत्तर सापडलेलं नाही.

कानात-नाकात तेल, डोळ्यात काजळ, बेंबीवर राख, बाळाच्या छातीतलं दूध पिळणं: हे चारही बंद. मालीश चालेल, जोरानं नको. तीट लावा, गालावर.

रडण्याकडे वळते. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 1962 मध्ये ऐंशी निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला पावणेदोन तासांच्या आसपास, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तासांवर, आणि मग उतरंड. बहुतेक रडणं संध्याकाळचं. आमच्याकडे ‘दिवेलागणीला बाळ किरकिरतं, दृष्ट लागली’ म्हणतात ते हेच. मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या की थोड्या वेळानं ते थांबतं, कारण ते थांबणारच असतं. दृष्ट काढण्यानं निदान कुणाच्या पोटात काही जात नाही.

ग्राईप वॉटर मात्र पोटात जातं. विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं 1851 मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये ते बनवलं. मूळ मिश्रणात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि दारू होती. बाळं शांत होत असत यात नवल ते काय! पुढे दारू गेली, शेपू राहिला. हा शेपू म्हणजे आपल्या बाळंतिणीच्या डब्यातल्या बाळंतशोपाचाच सोयरा. बाळंतशोपा आईनं खावी, बाळाला बाटली नको. पोटशूळ म्हणतात तो तीन महिन्यांच्या सुमारास आपणहून जातो. तोवर कडेवर घेऊन हिंडावं, आळीपाळीनं. बापांना हे काम उत्तम जमतं. त्यांची छाती रुंद असते आणि त्यांच्या अंगाला दुधाचा वास येत नाही, त्यामुळे बाळ शोधत बसत नाही.

पाजल्यावर बाळ थोडं दूध टाकतं, दह्यासारखं टाकतं, तेही चालतं, वजन वाढत असेल तर. दोन उलट्यांना मात्र थांबायचं नाही: लांब उडणारी आणि हिरवी. हिरवी उलटी झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर खरं बोलते. रडणाऱ्या बाळाला मी भीत नाही. जोरात रडायला ताकद लागते, श्वास लागतो, भूक लागते. मला भीती वाटते ती शहाण्या बाळाची.

2009 मधली गोष्ट. सिझेरियननं झालेली मुलगी, जन्मवजन 2900 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी तिला घरी सोडलं. त्या दिवशी वजनकाट्याचा सेल संपला होता. सेल आणायला पाठवलं, तेवढ्यात त्यांची गाडी आली, आजीला उन्हाच्या आत पोहोचायचं होतं. बाळ गोरंगोमटं, शांत. "छान आहे, दीड महिन्यानं लशीला आणा," मी म्हणाले. हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

अकराव्या दिवशी ते आले, तेही सहज, बारशाच्या तयारीच्या बाजाराला आले होते म्हणून. कारण सांगितलं, दुपट्यावर विटकरी डाग पडतात, रक्त आहे का? ते रक्त नव्हतं. शू फार थोडी आणि घट्ट झाली की त्यातले खडे असे विटकरी दिसतात. बाकी तक्रार शून्य. "लई शहाणं हाय मॅडम, रडतच नाही. पाच-पाच, सहा-सहा तास झोपतंय. उठवलं तरी दोन घोट घिऊन परत झोपतंय." वजन 2420. सोळा टक्क्यांहून जास्त घट. टाळू खोल गेलेली, कातडी चिमटीत उभी राहत होती. रक्तातलं सोडियम 160 च्या वर, असायला हवं 135 ते 145. दिवसाला दोनच डायपर बदलले जात होते, आणि डायपर फुगीर असतोच, ओला आहे की नाही कोण बघतो?

आईची बोंडं आत ओढलेली होती. पकड कधी बसलीच नव्हती. छाती रिकामी होत नव्हती, म्हणून दूध कमी, आणि असं अडलेलं दूध खारट राहतं. भुकेनं बाळ आधी रडलं असणारच. मग थकलं. थकल्यावर ते शहाणं झालं.

अशा बाळात पाणी भरभर भरता येत नाही. सोडियम झपाट्यानं उतरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात. दोन दिवस थेंबाथेंबानं, दर काही तासांनी रक्त तपासत. मी त्या दोन रात्री घरी गेले नाही. आईला बाजूला बसवून हातानं दूध काढायला शिकवलं, वाटीत. पहिल्यांदा तळ झाकेल एवढंच आलं. ती रडायला लागली. मी तिला मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयाचं सांगितलं. तिथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मानवी दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांची, मूठभर बाळं तिथे दुसऱ्या आयांनी दिलेल्या दुधावर जगली. आणि ते दूधही कुणी तरी असंच, वाटीचा तळ झाकण्यापासून काढायला सुरुवात केली असणार. मधल्या काळात पावडरचं दूध दिलं, निःसंकोच दिलं. तिसऱ्या आठवड्यात बाळ पूर्ण अंगावर आलं. ती मुलगी आता दहावी पार करून गेली; माझ्याकडे येते तेव्हा अजिबात शांत बसत नाही.

काविळीचंही असंच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसतो, पाचव्याच्या सुमारास वाढतो, बहुतेकांचा दोन आठवड्यांत जातो. उन्हात धरावं का, सगळे विचारतात. या उन्हाचा इतिहास मजेदार आहे. 1956 मध्ये इंग्लंडातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एका बाळाचं सगळं अंग फिकट झालेलं, फक्त चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोण पिवळा राहिलेला त्यांनी दाखवला. त्यावरूनच पुढे निळ्या दिव्यांचा उपचार आला, डॉ. क्रेमर यांनी तो 1958 मध्ये प्रसिद्ध केला. तरी कोवळं ऊन हे दिव्याला पर्याय नाही. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर रक्त तपासायचं. आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळं, शी चुन्यासारखी पांढुरकी, शू गडद, असं बाळ दिसायला गुटगुटीत, पिणारं, शहाणंच असतं. त्याची पित्तनलिका बंद असू शकते आणि शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर चांगली होते. ‘उतरेल हळूहळू’ म्हणत गेलेले आठवडे परत येत नाहीत.

तेव्हा माझी यादी छोटी आहे: पीत नाही, उठवलं तरी उठत नाही, अंग गार पडलंय किंवा 38 अंशांच्या वर ताप आहे, मिनिटाला साठाच्या वर श्वास, छाती आत ओढली जाते. तीन महिन्यांच्या आत यातलं एकही असलं तर फोनवर सल्ला नको, बाळ आणा.

वरच्या अन्नाबद्दल एकच सांगते, कारण त्यात भांडण होतं ते नेहमी एकाच गोष्टीवर: वरणाचं पाणी. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झाली की महिनाभर बाळाला वरचं पाणी आणि भाताची पेज. त्यात मीठ-हळदीपलीकडे फारसं काही नसतं. डाळ खाली राहते आणि ती घरातले पुरुष खातात. डाळ-भात घोटून, तूप घालून, चमचा तिरका केला तरी पटकन सांडणार नाही इतकं घट्ट द्या.

2009 मधल्या त्या शहाण्या मुलीनंतर मी एक नियम केला. प्रत्येक बाळ पाचव्या दिवशी काट्यावर. लगेच अडचण आली: पाचवीला बाळ घराबाहेर काढायचं कसं? रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, बाळ घरात हवं. दोन-तीन वर्षं ओढाताण झाली. मग तडजोड निघाली, सकाळी माझ्याकडे, रात्री पूजा. जादा सेलचं पाकीट तेव्हापासून टेबलाच्या वरच्या खणात असतं.

गेल्या श्रावणात एक आजी वजनाची चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. पाचवीला कोरा कागद आणि पेन ठेवायचं असतं, तिथं ही चिठ्ठी ठेवली तर चालंल का, म्हणाली.

"का हो आजी?"

"तिलाबी दिसू दे की, किती भरलं ते. मग लिहू दे."

मी चिठ्ठी परत घेतली आणि आकडा जरा मोठा, ठळक करून लिहिला.