गवताची चादर

रत्नागिरीला पहाटे मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्याला हजरत निजामुद्दीन स्टेशनात उतरवते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण असे दिल्लीला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि अम्मी. मुलांना लाल किल्ला आणि मेट्रो पाहायची होती. अम्मीला निजामुद्दीन औलियांची वस्ती एकदा डोळ्यांनी पाहायची होती. आम्हा दोघांच्या डोक्यात मात्र घरचा एक वाद होता, आणि तो आम्ही सामानाबरोबर घेऊनच निघालो होतो.

तीन वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला. गावच्या कब्रस्तानात, जुन्या आंब्यापासून वीसेक पावलांवर त्यांची कबर आहे. पहिल्या पावसाळ्यात तिच्यावर हरळी आपसूक चढली आणि मातीचा उंचवटा हिरवा झाला. त्याच वर्षी कमिटीने कब्रस्तानाची साफसफाई काढली. गवत कमरेएवढं वाढतं, साप निघतात, रात्रीची मय्यत असली तर पाय कुठे टाकावा ते कळत नाही, ही तक्रार खरीच होती. पण गवत कापण्याऐवजी तणनाशक मारलं गेलं. दहा-पंधरा दिवसांत सगळी जमीन पिवळी पडली आणि हिवाळ्यात उघडी तांबडी माती दिसू लागली. वाटेवर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसले. सगळं स्वच्छ दिसत होतं, नाही म्हणता येणार नाही.

पुढच्या जूनमध्ये कोकणातला पाऊस पडला तसा पडला. धरून ठेवायला मुळंच नसल्याने माती वाहून गेली. अब्बांच्या कबरीचा उंचवटा सपाट झाला, पायथ्याचा चिरा कलंडला आणि मधून पाण्याची एक पन्हळ गेली. कुवेतहून भाईजानचा फोन आला. "काळा ग्रॅनाइट बसवून टाका. पैसे मी पाठवतो. एकदाचं कायमचं काम होईल." त्यांचं दुःख आम्हाला कळत होतं. मातीला ते पोहोचू शकले नव्हते, वडिलांसाठी काहीतरी करायचं राहून गेलं ही सल त्यांच्या मनात होती. आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अम्मी तर काहीच बोलली नाही.

निजामुद्दीनच्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना गुलाबाच्या टोपल्या आणि चकाकणाऱ्या चादरींची दुकानं आहेत. गर्दीतून वाट काढत आम्ही आवारात पोहोचलो. औलियांच्या मजारीपासून दक्षिणेला संगमरवरी जाळीचा एक छोटा कठडा आहे. त्यावर घुमट नाही, छप्पर नाही. बरेच लोक त्याच्याजवळून तसेच पुढे जातात. आत शाहजहान बादशहाची थोरली मुलगी जहाँआरा बेगम हिची कबर आहे.

जहाँआराचा जन्म 1614 चा. 1631 मध्ये मुमताज महल गेली तेव्हा ही सतरा वर्षांची होती आणि त्या वयात शाही जनानखान्याची जबाबदारी तिच्यावर आली. दिल्लीचा चाँदनी चौक तिनेच वसवून घेतलेला. चिश्ती सिलसिल्यावर तिची श्रद्धा होती, ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचं चरित्र तिने लिहिलं. पुढे बाप आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत पडला, तेव्हा त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे 1666 पर्यंत, ती त्याच्यासोबत राहिली. 1681 मध्ये ती वारली. ताजमहाल जिच्या आईसाठी उभा राहिला, तिच्या स्वतःच्या कबरीचा संगमरवर मधोमध उघडा ठेवला आहे. त्यात माती भरलेली आहे आणि मातीत गवत. उशाच्या शिळेवर फारसीत तिची इच्छा कोरलेली आहे. माझ्यावर हिरवळीखेरीज दुसरं आच्छादन घालू नका, असा तिचा आशय आहे. तिच्या भावाची, औरंगजेबाची कबरही आपल्याकडे खुलताबादला अशीच आभाळाखाली, मातीचीच आहे.

खरं सांगायचं तर त्या दिवशी तिथलं गवत काही दाट नव्हतं. मधे मधे माती दिसत होती आणि वर कुणीतरी टाकलेल्या पाकळ्या सुकल्या होत्या. काही काड्या आम्हाला आपल्या हरळीच्या वाटल्या. अम्मी जाळीला धरून बराच वेळ उभी राहिली. तिने दुआ केली आणि एवढंच म्हणाली, "एवढ्या मोठ्या बापाची लेक, आणि चादर मागितली ती गवताची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हुमायूनच्या मकबऱ्याला गेलो. वस्तीपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सोळाव्या शतकातली ही इमारत 1993 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली आणि 2003 मध्ये आगा खान ट्रस्ट व पुरातत्त्व खात्याने मिळून तिची बाग दुरुस्त केली. कोरड्या पडलेल्या पाटांतून पुन्हा पाणी खेळू लागलं. चारी बाजूंना डोळे निवतील अशी हिरवळ आहे. मुलं तिच्यावर धावत सुटली.

एका बाजूला एक वयस्क माळी उकिडवा बसून हिरवळीतल्या टकलावर गवत लावत होता. आम्ही थांबलो. अम्मी तर त्याच्या शेजारी बसलीच. "हे कुठलं गवत, बेटा?" तिने विचारलं. "दूब, अम्माजी," तो म्हणाला आणि एक लांब काडी उपटून तिच्या हातात दिली. ती आपली हरळीच होती. दोन बोटं अंतरावर पेर आणि प्रत्येक पेराला बारीक पांढरी मुळी.

त्या माळ्याने अर्ध्या तासात आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात एवढं सोपं वाचलं नव्हतं. हरळी दोन वाटांनी चालते. एक काडी जमिनीवरून सरपटते, दुसरी मातीखालून. जिथे पेर मातीला टेकतं तिथे ते मूळ सोडतं, आणि मागची काडी तुटली तरी पुढचं रोप आपल्या पायावर उभं राहतं. तिचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा कापला, शेळीने खाल्ला, पायाखाली आला तरी ती मरत नाही. उलट आडवी पसरते आणि जाळं घट्ट होतं. बी पेरावं लागत नाही. दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार बोटांवर टोबायच्या, वरून माती दाबायची आणि रुजेपर्यंत ओल ठेवायची. एकदा रुजली की रोज थोडं थोडं शिंपडू नये, त्याने मुळं वरच राहतात. दोन पाण्यांत अंतर ठेवून एकदाच भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात.

"मग आमच्याकडे आंब्याखाली ती का टिकत नाही?" आम्ही विचारलं. तो हसला. दूबला ऊन लागतं, म्हणाला. सावलीत ती उंच, विरळ होते आणि हळूहळू निघून जाते. सावलीत सावलीचंच रोप लावावं. थंडीतही दिल्लीची दूब गवताच्या पेंढीसारखी पिवळी पडते. नवे लोक घाबरून पाणी ओततात, पण ती मेलेली नसते, थांबलेली असते. ऊन वाढलं की पुन्हा हिरवी होते. आपल्याकडे हरळीची मुळी मरत नाही असं म्हणतात, ते उगाच नाही.

धाकट्याने विचारलं, बादशहाच्या वेळीही असंच गुळगुळीत गवत होतं का? नव्हतं. मुघलांच्या चारबागेत पाट होते, फळझाडं होती, फुलांचे वाफे होते. कापून सपाट केलेली मोठी हिरवळ ही रीत इंग्रजांबरोबर आली. इंग्लंडमध्ये पूर्वी ती विळ्याने कापायला माणसांची फौज लागे, म्हणून ती फक्त जमीनदारांना परवडे. 1830 मध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून गवत कापायचं यंत्र काढलं, आणि हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात आली. आता आपल्याकडे हॉलसमोर, बंगल्यासमोर लॉनच्या तयार चटया अंथरतात. दिसायला छान, पण कापणं, खत, पाणी यातून सुटका नाही. उन्हाळ्यात जिथे हंड्याला रांग लागते तिथे अशा चटईवर पाणी ओतणं आम्हाला तरी जमणार नाही.

दुपारी शेजारच्या सुंदर नर्सरीत झाडाखाली डबा उघडला. नव्वद एकरांची ही जुनी रोपवाटिका 2018 पासून बाग म्हणून लोकांना खुली आहे. अम्मीच्या हातात सकाळची काडी अजून होती. ती बोलू लागली. इतके महिने गप्प असलेली अम्मी.

"तुमचे अब्बा जुम्याआधी विळा घेऊन कब्रस्तानात जायचे, आठवतं? वाटेपुरतं गवत कापायचे, कबरीवरचं राहू द्यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ते तस्बीह करतंय, करू दे." मग तिने अब्बांनी सांगितलेली गोष्ट सांगितली. मक्का फतह झाली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या भूमीची हुर्मत जाहीर केली. इथलं झाड तोडू नये, गवत उपटू नये. तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी विनंती केली की इज्खिर तेवढं वगळावं, ते आमच्या घरांना आणि कबरींना लागतं. प्रेषितांनी (स.) ते वगळलं. इज्खिर म्हणजे एक सुवासिक गवत, आपल्या गवती चहाचं नातेवाईक. "घर आणि कबर, दोन्हीला गवत पुरतं," अम्मी म्हणाली. "कबर चुन्यागच्चीने बांधू नये, हेही तेच सांगायचे. त्यांच्यावर दगड नको रे. भाईजानला मी सांगते."

त्या रात्री तिने फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. भाईजान रागावले नाहीत, पण पटलंही नाही. "मग मी करू तरी काय?" हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खरा होता.

पुढचा मे संपता संपता आम्ही तयारी केली. वळवाच्या सरीनंतर कबरीवर माती ओढून उंचवटा नीट केला, तीन बाजूंना जांभ्याचे जुनेच चिरे टेकवले. शेताच्या बांधावरून दोन टोपल्या हरळी आणली, तिच्या काड्या तोडून मुलांनी ओळीने टोबल्या. आंब्याच्या सावलीत हरळीचा हट्ट केला नाही. तिथे रुंद पानाचं, आडवं पसरणारं गवत आणि मेथीसारख्या तीन पानांची, जमिनीला चिकटून चालणारी बारीक वेल घरामागून आणून लावली. खालच्या अंगाला पाणी साचतं तिथे तळ्याकाठची जलपिंपळी लावली. हिची फुलं इवलीशी, जांभळट-पांढरी, फुलपाखरांना आवडणारी. पायाखालीही ती टिकते. जपानमध्ये तिच्या जातीतून निवडलेला वाण गवताऐवजी हिरवळीसाठी विकला जातो, आपल्याकडे ती फुकट उगवते. एका रोपवाटिकेत आम्हाला पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवली होती. ती झपाट्याने पसरते हे खरं, पण दुसऱ्या कशालाही जगू देत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींत तिचं नाव आहे. आम्ही ती घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका.

जुलैअखेर काड्या एकमेकींना भेटल्या. यंदा पाऊस कमी नव्हता, पण आमची माती जागेवर राहिली. शेजारच्या तीन-चार कबरींवर लोकांनी आपापल्या हाताने काड्या नेऊन लावल्या. कमिटीशी बोलणं झालं, भांडण नाही. सापांची भीती आम्हीही नाकारली नाही. औषध मारायचं नाही, पावसाळ्यात दोनदा गवत कापायचं, असं ठरलं. पण कापायचं कोण आणि कशाने? तिथे भाईजानच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. ग्रॅनाइटच्या पैशांतून गवत कापायचं यंत्र आलं आणि ते चालवणाऱ्या माणसाची मजुरीही निघाली. सगळ्यांच्या कबरींसाठी.

गेल्या महिन्यात भाईजान सुट्टीवर आले. फजरनंतर आम्ही त्यांना घेऊन गेलो. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ओळखू येईल एवढा तरी दगड हवा." ते आम्हाला मान्य होतं. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांच्या कबरीच्या उशाला प्रेषितांनी (स.) स्वतः एक दगड ठेवला होता, ओळख राहावी म्हणून. अब्बांच्या उशालाही आता एक साधा चिरा आहे, नावाशिवाय. भाईजान वाकले, पन्हळीच्या जागी अजून एक मोकळा तुकडा होता, तिथे त्यांनी बाजूची एक हरळीची काडी ओढून पेर मातीत दाबलं आणि बोटांनी थापटलं.

पेव्हर ब्लॉकची वाट तशीच आहे. तिच्या फटींतून हरळी डोकं काढते आहे. वाटेवरचं काय करायचं, याची कमिटीत अजून चर्चा चालू आहे. तुमच्याही गावात असा प्रश्न निघेल तेव्हा घाई करू नका. जूनपर्यंत थांबा, बांधावरून एक टोपली हरळी आणा आणि मुलांना सोबत न्या. अल्लाह आपल्या सगळ्या मरहूमांची मगफिरत करो. आमीन.