तेरा वर्षांनी लागलेला सूर

मैत्रिणींनो, 'बँड' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लाल कोटातले बाजेवाले, पुढे नाचणारी वऱ्हाडी मंडळी अन् घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव! आमच्या पुसदकडे तरी बँड म्हणजे लग्नाचाच. पण आज सांगणार आहे ती गोष्ट वेगळ्याच बँडची आहे. गाणी इंग्रजी, गिटारी विजेवरच्या अन् आवाज असा की फडताळातली भांडी वाजावीत. "बाई, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?" असं मात्र म्हणू नका. गोष्ट आपल्या कामाची आहे.

आधी थोडं आमच्याविषयी. आमचं पाचजणींचं भजनी मंडळ होतं. दुपारची भांडी आवरली की जमायचं. खंजेरी, टाळ, पेटी अन् राष्ट्रसंतांची भजनं. मग एकीच्या यजमानांची बदली झाली, दुसरी नातवंडासाठी पुण्याला गेली अन् मंडळ मोडलं. भांडण नाही, तंटा नाही, संसारच तो! पुढे आमची पेटी वाजवणारी सखी देवाघरी गेली. आता दोघी परत आल्यात, पण "ती नाही तर कसलं मंडळ?" या एका वाक्यावर सगळं अडलं होतं. अशात माझ्या भाच्याने मला ही हकीकत सांगितली.

1984 साली मुंबईत काही तरुणांनी 'रॉक मशीन' नावाचा बँड काढला. गिटारीवर महेश तिनईकर. गाण्यासाठी पुढे उदय बेनेगल प्रसिद्ध झाले. त्या वेळी आपल्याकडच्या अशा बँडांची रीत ठरलेली. परदेशात गाजलेली गाणी हुबेहूब वाजवायची अन् टाळ्या घ्यायच्या. ह्या मुलांनी स्वतःची गाणी रचली. आपल्यातलंच बघा ना, शेजारणीच्या पाककृतीने केलेल्या भाजीचं कौतुक लवकर होतं. स्वतःच्या अंदाजाने काही नवं केलं की घरचे आधी नाक मुरडतात. पण मुलं हटली नाहीत. 1988 साली पहिली ध्वनिफीत आली, 1990 साली दुसरी. 1993 साली त्यांनी नावही बदललं, 'इंडस क्रीड' ठेवलं. इंडस म्हणजे आपली सिंधू नदी, बरं का! नव्या नावाची ध्वनिफीत 1995 साली निघाली.

त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' घरोघरी वाजू लागलं. केबल आली होती, लोकांना हिंदी पॉप हवं होतं. इंग्रजी गाणाऱ्यांना पोट भरणं कठीणच. 1997 साली बँड मोडला. उदय बेनेगल अन् दुसरे गिटारवाले जयेश गांधी अमेरिकेला गेले. ज्याची त्याची वाट वेगळी झाली.

संपली गोष्ट असं वाटलं ना? नाही! तेरा वर्षांनी, 2010 साली, ते पुन्हा एकत्र आले. बेनेगल, तिनईकर अन् कीबोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बाकीच्या जागा रिकाम्या होत्या, म्हणून रशाद मिस्त्री अन् जय राव कवी हे दोन नवे घेतले. 2012 साली 'इव्हॉल्व्ह' ही नवी ध्वनिमुद्रिका काढली. आधीच्या अन् हिच्यामध्ये सतरा वर्षं गेली होती. तेवढ्यात आपल्याकडे पाळण्यातली पोर कॉलेजात जाते!

भाच्याने आणखी एक सांगितलं. ऑस्ट्रेलियात सिडनीला 1977 साली तीन भाऊ अन् त्यांचे तीन मित्र मिळून 'फॅरिस ब्रदर्स' हा बँड सुरू झाला. 1979 साली त्याचं नाव 'इनएक्सेस' झालं. जगभर नाव झालं, तरी तेच सहाजण वीस वर्षं एकत्र. आणि 1997 च्या नोव्हेंबरात, आपला मुंबईचा बँड मोडला त्याच वर्षी, त्यांचा गायक मायकेल हचेन्स गेला. उरलेल्यांनी पुढे दुसरे गायक घेऊन 2012 पर्यंत कार्यक्रम केले. पण पहिल्यासारखी सहाजणांची मैफल पुन्हा कशी जमणार?

हे ऐकलं अन् मी गप्पच झाले. काही ताटातुटी भरून निघतात, काही नाही. मुंबईवाल्यांना तेरा वर्षांनीही भेटता आलं. सिडनीवाल्यांना ती सोयच राहिली नाही. आम्ही चौघी अजून आहोत, गळे आहेत, दुपारही आहे. मग वाट कुणाची बघायची?

राहिला पेटीचा प्रश्न. आमच्यातल्या एकीची सून छान पेटी वाजवते. "तिच्या जागी हिला बसवायचं?" असं एकीने डोळे पुसत विचारलं. मी म्हटलं, "अगं, जागी नाही, शेजारी. ती मनात आहेच ना!" सगळ्याजणी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग तिनेच विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

तेव्हा मैत्रिणींनो, तुमचंही एखादं मंडळ, एखादी जोडी संसाराच्या धबडग्यात सुटली असेल. आवाज आधीसारखा लागणार नाही, लोक हसतीलही. हसू द्या! माळ्यावरची पेटी खाली काढा, भात्याची धूळ झटका अन् जी आहे तिला आजच निरोप धाडा.