पावती फाडली नाही

कंत्राटी कामगारांची पावती फाडायची नाही, म्हणजे त्यांना युनियनचे सभासद करून घ्यायचं नाही, असं आमच्या कमिटीत ठरलं तेव्हा मीही हात वर केला होता. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत मी ऑपरेटर होतो आणि युनियनच्या कमिटीवर होतो. कंपनीचं किंवा युनियनचं नाव घेत नाही. जे सांगायचं आहे ते माझ्याबद्दल आहे.

ठरावाचं कारण कायद्याचं म्हणून सांगितलं गेलं. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याप्रमाणे युनियनला मान्यता हवी असेल, तर अर्जाआधीचे सलग 6 महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असावे लागत. ठेकेदाराच्या पोरांच्या पावत्या फाडल्या तर ‘हे आमचे कामगारच नाहीत’ म्हणून कंपनी भांडेल आणि मान्यतेचा अर्ज लोंबकळेल, असं वरचे पुढारी म्हणाले. ही भीती खोटी नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. दर तीन वर्षांनी पगारवाढीचा करार व्हायचा. व्यवस्थापन मनात एक आकडा धरूनच वाटाघाटींना बसायचं. वाटेकरी वाढले की आमची पगारवाढ घटणार, हे सगळ्यांना कळत होतं. ती पोरं स्वस्तात राबत होती म्हणून आमचे करार चांगले होत होते. हे कमिटीत कुणी बोललं नाही. मीही नाही.

आमच्या कंपनीत माल गाळणारं सेंट्रिफ्यूज थांबलं की झाकण उघडून आतल्या बॅगेतला ओला माल हाताने उपसावा लागतो. त्याला सॉल्व्हंटचा वास असतो. टोल्युइन असेल तर पंधरा मिनिटांत डोकं जड होतं. आम्ही कायम कामगार रिअॅक्टरवर उभे राहून तापमान आणि दाब लिहायचो. उपसायला ठेकेदाराची पोरं. काही विक्रमगड-जव्हारकडची, बाकीची उत्तर प्रदेश-बिहारची, अवधनगर आणि खैरापाड्याच्या चाळींत एकेका खोलीत पाच-सहा जण राहणारी. एका मागणीपत्रात आम्ही कार्ट्रिजचे मास्क मागितले आणि मिळवले. मागणीत शब्द होते, ‘युनियनच्या सभासदांना’. तो मसुदा माझ्या हातचा. पोरं तोंडाला रुमाल बांधून उपसत राहिली. हातमोजा फाटला की त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि मनगटाशी सुतळी बांधायची. मी सेफ्टी कमिटीवरही होतो. तिथे मी हा विषय एकदाही काढला नाही.

निवडणुकीत मात्र आम्हाला ती पोरं चालत. आमचे पुढारी ज्या पक्षाचे, त्या पक्षाच्या सभेला टेम्पो भरून माणसं न्यायची, आणि टेम्पोत सगळ्यात आधी कंत्राटी पोरं बसवायची. झेंडा धरताना ती आमची असत. गेटबाहेरच्या युनियनच्या बोर्डाखाली पावती मागायला आली की परकी. युनियनने राजकारण करावं, करायलाच हवं. कामगारांचे कायदे विधानसभेत आणि संसदेत होतात. पण आम्ही पक्षासाठी माणसं मोजून देत होतो, आणि बदल्यात ठेकेदारी पद्धतीबद्दल त्या पक्षाला एक प्रश्नही विचारत नव्हतो.

गेट मीटिंगला आम्ही डॉ. दत्ता सामंतांचं नाव घ्यायचो. त्यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती. ती आम्ही भाषणात कधी आणली नाही. आणि ज्या जिल्ह्यात आम्ही उभे होतो, तिथे 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं, गवत कापणीच्या मजुरीसाठी संप केला, तलवाड्याला गोळीबार सोसला. त्या माणसांचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं. तरी त्यांची संघटना झाली. त्यांच्याच गावांकडची पोरं आमच्या गेटवर पावती मागत होती.

सगळ्यात मोठी चूक पुढची आहे. वर्षात 240 दिवस भरू नयेत म्हणून पोरांना मध्ये ब्रेक द्यायचे, ठेकेदाराचं नाव बदलायचं, नवा गेटपास काढायचा, असं चाललं होतं. एकदा ब्रेकवर गेलेल्यांना परत घेतलंच नाही. त्यांनी एका वकिलाला गाठून दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या निकालांनंतर कंत्राटी माणसाला 1971 च्या कायद्याखाली थेट तक्रार करता येत नव्हती. आपण कंपनीचेच कामगार आहोत हे आधी वेगळं सिद्ध करावं लागे. काम कोण वाटून देत होतं, देखरेख कुणाची होती, हे कोर्टात बघत. कागद त्यांच्याकडे नव्हते. माझ्याकडे होते. शिफ्टच्या लॉगबुकात कुणाला कुठल्या सेंट्रिफ्यूजवर लावलं ते मी रोज लिहीत होतो, आणि तो हुकूम ठेकेदाराचा नसे, कंपनीच्या शिफ्ट इनचार्जचा असे.

विक्रमगडकडचा एक जण माझ्या घरी आला. म्हणाला, “दादा, खोटं काही सांगू नका. तुम्ही रोज लिहीत होता तेवढंच सांगा.” मी हो म्हटलं. आमचा करार तेव्हा टेबलावर होता. पुढाऱ्यांनी सांगितलं, या वेळी साक्ष दिलीस तर कंपनी करार अडवेल. मी गेलो नाही. निरोपही पाठवला नाही. आमचा करार झाला, फरकाचे पैसे मिळाले. त्या पोरांनी ठेकेदाराने पुढे केलेली किरकोळ रक्कम घेऊन दावा सोडला.

काही वर्षांनी कंपनीने आमच्यापुढे व्हीआरएसचे अर्ज ठेवले. आम्ही 14 दिवसांची रीतसर नोटीस देऊन संपावर गेलो. बॉयलर बंद झाला नाही. रिअॅक्टर चालवायला कंत्राटी माणसं तयार होती. इतकी वर्षं आमच्या शेजारी उभी राहून ती सगळं शिकली होती. कामावर जाताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, आणि त्यांना अडवायचा हक्क मला नव्हता. संप मोडला, बहुतेकांनी अर्ज भरले. मीही भरला.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत, एकापेक्षा जास्त युनियन असताना एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क हवा असेल, तर आस्थापनेच्या मस्टरवरचे 51 टक्के कामगार तिच्यामागे लागतात. मस्टरवर चाळीस आणि ठेकेदाराकडे तीनशे, अशा कारखान्यात एकवीस माणसांच्या जोरावर युनियन टेबलावर बसेल आणि चाळिसांपुरतं बोलेल. आमची चूक आता आणखी सोपी झाली आहे. म्हणून एका कारखान्यातल्या तरुण कमिटीला मी भेटलो आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. लॉगबुकाचंही. मागणीपत्राच्या पहिल्या पानावर कंत्राटी कामगारांचं वेतन, मास्क आणि पीएफ घ्या, त्यांच्या पावत्या फाडा, आणि त्यांना काम कोण देतं याची नोंद तारीखवार स्वतःच्या वहीत ठेवा, एवढं मागितलं. नोंद ठेवायला ते तयार झाले. पावत्यांवर दोघांचा विरोध आहे. कारण तेच, पगारवाढ घटेल. ते दोघे कामावरून सुटल्यावर मी त्यांना पुन्हा भेटणार आहे.