अनेक विश्वे : तर्क की पुरावा?

‘आपल्या विश्वासारखी असंख्य विश्वे आहेत, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे,’ असे आमची शिकलेली पोरे हल्ली छातीठोकपणे सांगतात. सिद्ध झालेले नाही. मात्र ही निव्वळ भाकडकथाही नव्हे, म्हणून लिहितो.

१९५७ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात ह्यू एव्हरेट या तरुणाने आपल्या प्रबंधात हा विचार मांडला. अणूच्या पोटातल्या कणांचे गणित एकाच वेळी अनेक शक्यता दाखवते. मोजायला जावे तर एकच हाती लागते. बाकीच्या गेल्या कुठे? एव्हरेट म्हणाला, सगळ्याच घडतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तशा. आपण त्यांतल्या एका फांदीवर असतो. गणित बिनचूक आहे. पण फांद्या मानल्या काय, न मानल्या काय, आजवरच्या प्रयोगांचे उत्तर सारखेच येते.

दुसरी वाट आकाशातून येते. विश्व आरंभी क्षणार्धात प्रचंड फुगले, असे अॅलन गुथ यांनी १९८१ साली मांडले. हे फुगणे कुठे ना कुठे चालूच राहील आणि उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांसारखी विश्वे होत राहतील, असे आंद्रेई लिंडे व अलेक्झांडर विलेंकिन यांचे म्हणणे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. तेवढ्या काळात ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचला, तेवढेच आपल्याला दिसते. शेजारचा बुडबुडा कधी धडकला असेल, तर त्याची खूण त्या जुन्या प्रकाशात असावी, म्हणून शास्त्रज्ञांनी शोधूनही पाहिले. खात्रीची एकही मिळाली नाही. तपासता न येणाऱ्या कल्पनेसाठी विज्ञानाची कसोटी सैल करू नका, असे २०१४ साली जॉर्ज एलिस व जो सिल्क या शास्त्रज्ञांनी बजावले. मला ते पटते.

हा वाद विद्वानांपुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. आमच्या वस्तीतील एका ताईंचा कर्ता मुलगा अपघातात गेला. कोणीतरी त्यांना सांगितले, ‘दुसऱ्या विश्वात तो जिवंत आहे, विज्ञानच म्हणते.’ त्या विचारायला आल्या, ‘भाऊ, खरं का हे?’ मी म्हटले, ‘ताई, एव्हरेटचे म्हणणे खरे धरले तरी त्या फांदीवरून या फांदीवर निरोपसुद्धा येत नाही. किसागोतमीला तथागतांनी मोहरी आणायला धाडले. बाळ दुसरीकडे जिवंत आहे, असे सांगितले नाही.’

ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘मंग तो सांगणारा बघून आला व्हता का?’