आयसोएटिसचं घराणं

जांभ्याच्या पठारावर पाऊस साचून जी उथळ डबकी होतात, त्यांच्या काठाशी सहसा कुणी वाकून बसत नाही. कासला, पाचगणीला माणसं येतात ती फुलांसाठी. सीतेची आसवं, गेंद, वायतुरा यांचे फोटो निघतात आणि त्यांच्याच शेजारी पाण्यात उभा असलेला हिरव्या टोकदार पात्यांचा झुबका गवत समजून ओलांडला जातो. त्याला फूल येत नाही, फळ धरत नाही, बीही नाही. वनस्पतिशास्त्रात त्याला आयसोएटिस म्हणतात. एवढ्या प्राचीन कुळाची वनस्पती आपल्या पायाशी असावी आणि तिला ओळखणारं फारसं कुणी नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पातं हातात घेतलं तर कांद्याच्या पातीसारखं वाटतं, पण आडवं कापून पाहावं. आत एक नव्हे, चार पोकळ नळ्या दिसतात. पात्याचा बुंधा रुंद, फिकट आणि चमच्याच्या आकाराचा असतो. त्याच्या आतल्या बाजूला खळगी असते आणि खळगीवर पातळ पडदा. पडदा नखानं अलगद सरकवला की पांढरे खरखरीत कण दिसतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा एकेक कण म्हणजे मादी बीजाणू. दुसऱ्या एखाद्या पात्याच्या खळगीत तेवढ्याच जागेत पिठाएवढी बारीक भुकटी असते, ते नर बीजाणू. नर पेशी अनेक कशाभिका हलवत पाण्यातून पोहत मादीपर्यंत जाते. म्हणूनच या कुळाला डबकं लागतं. पावसाचं थोडं पाणी साचलं तरी त्याचं भागतं.

हे कूळ इतर वनस्पतींपासून वेगळं झालं त्याला चाळीस कोटी वर्षं होऊन गेली. तेव्हा फुलं नव्हती, पक्षी नव्हते, सरडेसुद्धा नव्हते. पुढे कार्बनी युगात याच कुळातल्या लेपिडोडेन्ड्रॉनची तीस-तीस मीटर उंचीची झाडं विषुववृत्तालगतच्या दलदलींत उभी राहिली. त्यांच्या खोडावर गळलेल्या पानांच्या शंकरपाळी आकाराच्या खुणा असत. युरोप-अमेरिकेतला बराचसा दगडी कोळसा त्यांच्याच सालींचा. (आपल्या चंद्रपूरचा कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, मुख्यतः ग्लोसॉप्टेरिसच्या वनांचा. ते घराणं निराळं.) ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १८८७ साली अशा अकरा झाडांचे दगड झालेले बुंधे मुळांसकट सापडले आणि आजही ते जागच्या जागी जपलेले आहेत. त्या वृक्षांची बारीक मुळं आणि आयसोएटिसची मुळं कापून शेजारी ठेवली तर नातं उघड होतं. दोन्हींत मधोमध पोकळी, आणि पाणी वाहणारी शीर मात्र एका कडेला सरकलेली.

इथून पुढची गोष्ट पूर्वी फार ऐटीत सांगितली जायची. प्रचंड वृक्ष, मग ट्रायासिक काळातला माणसाच्या उंचीचा प्लूरोमिया, मग आणखी ठेंगणे वारस, आणि शेवटी डबक्यातलं हे गवतासारखं रोप: एका साम्राज्याचा ऱ्हास. ऐकायला छान, पण खोदकामानं ती टिकू दिली नाही. त्या महावृक्षांच्या काळातच त्यांचे बुटके भाऊबंद दलदलींच्या कडेला नांदत होते. चॅलोनेरिया हा त्यांतलाच एक, जेमतेम दोन मीटरचा. दलदली आटल्या तेव्हा वृक्ष गेले, बुटके राहिले. आयसोएटिस हे कुणा राजाचं खंगलेलं रूप नाही. धाकट्या पातीचा तो वारस आहे.

तगून राहण्याची त्याची रीत तर थक्क करणारी आहे. उथळ डबक्यात दिवसा सगळ्या वनस्पती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि दुपारपर्यंत पाण्यातला साठा संपतो. रात्री सगळ्यांच्या श्वसनामुळे तो पुन्हा वाढतो. आयसोएटिस तो रात्रीच घेतं, आम्लाच्या रूपात साठवतं आणि उजाडल्यावर त्यावर अन्न बनवतं. ही युक्ती वाळवंटातल्या निवडुंगांची समजली जायची. जॉन कीली यांनी १९८१ साली ती कॅलिफोर्नियाच्या पावसाळी डबक्यांतल्या आयसोएटिसमध्ये दाखवली. पेरूच्या अँडीज पर्वतात चार हजार मीटरच्या वर वाढणारी एक जात तर पानांतून हवा घेतच नाही. तिला लागणारा कार्बन मुळांवाटे चिखलातून येतो.

जगभरात दोनशेहून अधिक जाती आहेत, त्याही दिसायला जवळजवळ सारख्या. ओळख पटवायची तर बीजाणूंच्या पृष्ठभागावरचं नक्षीकाम सूक्ष्मदर्शकाखाली वाचावं लागतं. आपल्याकडे हे काम निष्ठेनं झालं. महाबळे यांनी १९३८ मध्ये सह्याद्रीच्या नावानं एक जात नोंदवली, शेंडे यांनी १९४५ मध्ये पाचगणीच्या पठारावरची आयसोएटिस दीक्षिती. या जातींचे संकर होतात, गुणसूत्रांचे संच दुप्पट-तिप्पट होतात. आपल्याकडच्या तळ्यांत आढळणाऱ्या कोरोमंडेलिना या जातीत अकराचे तीन संच, म्हणजे तेहेतीस गुणसूत्रं असलेली रोपं मिळतात. तीन संचांची जोडी लागत नाही, बीजाणू बनताना घोळ होतो, तरी ती रोपं वाढतात. अशा वनस्पतीला जिवंत जीवाश्म म्हणणं मला पटत नाही. कूळ जुनं आहे, पण त्यात नव्या जाती अजून घडताहेत.

पाऊस सरला की पाती कुजतात आणि तापलेल्या चिखलाखाली गड्डा पुढच्या पावसापर्यंत तग धरतो. उन्हाळ्यात पठारावर गेलात तर काहीच दिसणार नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे पोटखराबा लिहिलेलं असतं. कोकणातल्या सड्यांवर चिऱ्यांच्या खाणी निघतात, घाटमाथ्यावर वाहनतळ होतात, तेव्हा तोडायला तिथे झाड नसतं, म्हणून कुणी हरकतही घेत नाही. हे सगळं उन्हाळ्यातच उरकतं. सड्यावर काय आहे ते पाहायचं असेल, तर पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये, डबक्यांत पाणी असताना, गुडघे टेकूनच व्हायला हवी.