ध्रुवपद किती वेळा मोजायचे?

सोहिरोबानाथ आंबिये जन्मले १७१४ साली बांद्याला, म्हणजे आमच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे. तेव्हा नाका नव्हता. बांद्याप्रमाणे पेडणेही १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडेच होते. त्यामुळे पेडण्या-डिचोलीत त्यांची पदे कुणी बाहेरची मानत नाही.

ही पदे मुलांकडून टंकून घेतली आणि संगणकाला दिली. कोणते शब्द एकमेकांच्या संगतीत येतात, ते आलेखावर पाहायचे होते. पहिल्या आलेखात 'गुरू' नाही, 'ज्ञान' नाही! नाथपंथी कवीच्या पदांत? 'सहज' आणि 'मन' तेवढे शाबूत. त्यासाठी वापरलेल्या सायकिट-लर्न या संगणकीय साधनाची शब्द पाडण्याची मुळातली पद्धत काना, मात्रा, उकार यांना अक्षरच धरत नाही. तिथे शब्द तोडते आणि उरलेली सुटी अक्षरे टाकून देते. 'सहज'ला ना काना ना वेलांटी, म्हणून तो वाचला. शब्द मोकळ्या जागेवर तोडायला सांगितल्यावर गुरू परतले. 'अंतरी', 'अंतरीचा', 'अंतरीं' ही एकाच घरची मंडळी मात्र हाताने एकत्र बसवावी लागली. कंटाळवाणे काम, पण पदे पाठ झाली ती त्यातच.

डिचोलीत भजनाला गेले तेव्हा आलेखाचा कागद पिशवीत होता. पेटीवरच्या काकांनी चष्मा लावून तो पाहिला.

"बाय, ध्रुवपद एकदांच मेजलां? आमी दर कडव्याक घेतात."

छापील पोथीत ध्रुवपद एकदाच असते, पुढे नुसती 'ध्रु.' अशी खूण. गाताना मात्र बुवा कडवे संपवतात आणि झील धरणारे ध्रुवपद उचलतात. मी दुसरी फाईल केली, प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद पूर्ण लिहून. आलेख पार बदलला. कडव्यांतली शरीराची, श्वासाची, चक्रांची योगपरिभाषा आक्रसली आणि ध्रुवपदांतली आर्जवे मोठी झाली. छापील पदांत सोहिरोबा योगी दिसतात, गायलेल्या पदांत विनवणारे.

अभ्यासाच्या शिस्तीला पहिली फाईल सोयीची, हे मला कळते. पण इथल्या किती जणांनी पोथी उघडून पाहिली आहे? त्यांच्या कानांवर पडले ते दुसऱ्या फाईलमधलेच. मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावते. एकावर 'छापील', दुसऱ्यावर 'गायलेले' असे लिहून. आता पेडण्यातल्या एका मंडळाचे म्हणणे आहे की, ते शेवटच्या कडव्यानंतर ध्रुवपद तीनदा घेतात. तिसरी फाईल त्यांच्यासाठी.